खेळ, नियम आणि पुरवण्या

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत ज्याची तीस वर्षे गेली, त्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मजुरीवाढीचा प्रश्न बाजूला ठेवून पोरांच्या एका खेळाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. प्रथम आम्हांलाही वाटले. पण गोष्ट अशी घडली, की गेली दोन वर्षे दर रविवारी संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत सहा-सात तरुण मंडळी जमतात. जागा व वीज संघटनेची, चहा ज्याचा त्याने आणावयाचा, एवढाच करार. एके रविवारी आम्ही शेजारच्या खोलीत वर्गणीची पावतीपुस्तके तपाशीत बसलो असता मोठ्याने वादावादी ऐकू आली. आत जाऊन पाहतो तो टेबलावर चार-पाच जाडजूड इंग्रजी पुस्तके उघडी पडलेली आणि मंडळींत दोन तट झालेले. "काका, तुम्ही रोज कलमं लावता, आज आमचा निवाडा करा," असे म्हणून एकाने खुर्ची पुढे केली.

वाद एका मंत्राचा होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. त्याची एक पुरवणी २०१७ साली निघाली आणि तीत जखमी साथीदारांना बरे करणारा एक नवा मंत्र आला. मंत्र इतका स्वस्त आणि इतका गुणकारी ठरला, की सगळी टोळी त्यातून एकेक फेरी मारून ठणठणीत होऊ लागली. म्हणून २०२० साली कंपनीने दुरुस्ती काढली आणि मंत्राचा गुण किती वेळा यावा याला मर्यादा घातली. आता एका पोराजवळ पुस्तकाची जुनी छपाई, दुसऱ्याच्या फोनवर दुरुस्त मजकूर. आपापल्या कागदाप्रमाणे दोघेही बरोबर! निवाडा काही आम्हांला देता आला नाही. परंतु मूळ नियम, त्यावर दुरुस्ती, दुरुस्तीवर परिपत्रक, आणि ज्याच्या हाती शेवटचा कागद त्याचा जय, हा पेच आमच्या फार ओळखीचा. त्या दिवसापासून आम्ही या खेळाच्या इतिहासाचा नाद घेतला. शाळा नववीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात झाले. तेव्हा असले नाद आम्हांला नवीन नाहीत.

खेळ असा आहे. चार-पाच गडी टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण पंच होतो. पंच सांगतो, "तुम्ही भुयाराच्या तोंडाशी आहात, समोर लोखंडी दार आहे." मग गड्यांनी आपण काय करतो ते सांगावयाचे. दाराला कान लावतो, बिजागरीत तेल ओततो, घाबरून परत फिरतो, जे सुचेल ते. साधेल की नाही अशी शंका असेल तेथे फासा टाकावयाचा. यातला मुख्य फासा वीस बाजूंचा असतो. अखेरीस कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट तेवढी पुढे सरकते. तमाशातला सोंगाड्या बतावणी जागच्या जागी रचतो, तिला एक पंच आणि एक फासा जोडला म्हणजे या खेळाची बरीचशी कल्पना येईल.

तो निघाला १९७४ साली, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या लहानशा गावी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे दोघे त्याचे कर्ते. गायगॅक्सची विमा कंपनीतील नोकरी १९७० साली गेली होती आणि तो घरी बूटदुरुस्तीचे काम करून संसार चालवीत होता, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कारण असले शोध रिकामटेकड्या श्रीमंतांनीच लावले अशी एक समजूत असते. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, तिन्ही मिळून सव्वाशेच्या आत पाने, किंमत दहा डॉलर. त्यातही लढाईसाठी 'चेनमेल' नावाचे निराळे पुस्तक वाचकाजवळ असेल असे लेखकांनी गृहीत धरले होते. थोडक्यात, खेळ अपुराच छापला गेला. उणे राहिले ते ज्या त्या टेबलाने आपले आपण भरून काढले, आणि आमच्या मते खेळ पसरण्याचे एक कारण हेच होते.

पुढल्याच वर्षी, १९७५ साली, पहिली पुरवणी आली. तिचे नाव 'ग्रेहॉक'. वर्ष दीड वर्षात आणखी तीन आल्या. या पहिल्या पुरवणीत 'चोर' हे नवे सोंग होते. येथे आपण थोडे थांबू या, कारण नियम वाढले म्हणजे नेमके काय होते ते या चोरावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरून कळत नाही.

चोर येण्यापूर्वी भुयारात सापळा असेल तर कोणीही तो शोधू शके. गड्याने सांगावयाचे, "मी काठीने फरशी ठोकून पाहतो." पंच विचार करी आणि म्हणे, "पोकळ आवाज येतो." नियम नव्हता, पण व्यवहार चालत होता. मग चोराचे कोष्टक आले. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, पाऊल न वाजविता चालणे, अंधारात दडणे, प्रत्येकाला शेकडेवारी. नवख्या चोराला शंभरात दहा-वीस अशी. वरवर पाहता चोराला काही मिळाले. परंतु त्याच क्षणी इतर सगळ्यांचे काही गेले! योद्धा काठीने फरशी ठोकू लागला, की कोणीतरी म्हणू लागले, "ते चोराचे काम, तुझ्या कागदावर ते नाही." 'योद्ध्याने सापळा शोधू नये' असे कोणत्याही पानावर लिहिले नव्हते. एकाचा अधिकार लिहिला गेला आणि दुसऱ्यांचा न लिहिलेला अधिकार आपोआप बुडाला. शिवाय खुद्द चोराचे तरी काय झाले? काल तो युक्तीने सापळा टाळी. आज त्याला शंभरात दहाच्या आशेवर फासा टाकावा लागला.

करारनाम्यात एका खात्याला एक सवलत लिहून घेतली, की न लिहिलेली सवलत इतर खात्यांतून कशी नाहीशी होते, हे आम्ही स्वतः भोगले आहे. त्यामुळे हा चोर वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

नियमांच्या या सुजेचे दुखणे या खेळापेक्षा जुने आहे. आपल्या चतुरंगाचे बुद्धिबळ होऊन ते युरोपात गेले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या बुद्धिबळाचा पट वाढवून ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या विद्वानाने १७८० साली युद्धाचा खेळ केला. पुढे १८२४ साली राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने पट टाकून नकाशा घेतला, फासे घेतले, पंच नेमला आणि सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नवा खेळ सिद्ध केला. जर्मन भाषेत त्याला 'क्रीगश्पील' म्हणतात. त्याचे नियम इतके वाढले, की कोष्टके उलटण्यात लढाईपेक्षा जास्त वेळ जाई. तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यु व्हर्न्वा या सेनानीने सरळ सांगितले, की कोष्टके आणि फासे बाजूला ठेवा. अनुभवी पंच आपल्या अकलेने निर्णय देईल. शंभर वर्षांनी अमेरिकेत हीच कथा पुन्हा घडली. पण तिचे कारण निराळे होते. प्रशियात नियम वाढले ते अचूकपणाच्या हौसेने. अमेरिकेत त्या हौसेला दुकान जोडले गेले.

दुकानाचा हिशेब साधा आहे. कॅरमचा बोर्ड एकदा घेतला की दहा वर्षे पुरतो. या खेळाचे मूळ पुस्तक तर जन्मभर पुरते, आणि पंचाने एक घेतले तर पाच गडी त्यावर खेळतात. ज्या गिऱ्हाइकाला पुन्हा दुकानात येण्याचे कारण नाही, त्यावर छापखाना, गोदाम आणि नोकरवर्ग चालवावयाचा कसा? दोन वाटा राहतात. मूळ पुस्तकाला पुरवण्या काढावयाच्या, नाहीतर मूळ पुस्तकच जुने ठरवून नवी आवृत्ती काढावयाची. गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीने दोन्ही केले. १९८९ साली दुसरी आवृत्ती आली. त्याच वर्षापासून योद्ध्याचे वेगळे पुस्तक, चोराचे वेगळे, मग पुरोहिताचे, मांत्रिकाचे, अशी मालिका लागली. त्याखेरीज निरनिराळी काल्पनिक जगे: एक वाळवंटाचे, एक भुताखेतांचे, एक ताऱ्यांतून जहाजे फिरणारे. प्रत्येक जगाला नकाशे आणि पुस्तकांची पेटी. एका जगाचे गिऱ्हाईक दुसऱ्या जगाची पेटी घेईना. खर्च मात्र प्रत्येक पेटीचा पुरा. विक्रेत्यांकडून न खपलेला माल परत येऊ लागला, कर्ज चढले, १९९६ च्या अखेरीस कामगारकपात झाली आणि १९९७ साली कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. कादंबऱ्या आणि फाशांचा एक फसलेला खेळ यांचाही त्या बुडण्यात वाटा होता. सारे खापर पुरवण्यांवर फोडणे न्यायाचे नव्हे.

आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच चटकन दिसावे. ही पुस्तके लिहिणारे पुष्कळसे लेखक पगारी नसतात. त्यांना शब्दामागे दर मिळतो. मीटरवर मजुरी म्हणतात ती हीच! मीटरवर मजुरी घेणारा मागवाला कापड कमी कसे काढील? एका ओळीत मावणारा नियम एका परिच्छेदात लिहिला तर लेखकाच्या घरी धान्य जास्त येते. त्याला दोष देण्याचे काही कारण नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात 'पाथफाइंडर' हा याच जातीचा खेळ काढणाऱ्या पायझो कंपनीतील नोकरांनी आपली युनियन केली, बाहेरच्या काही लेखकांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी काम थांबविले, आणि त्याच महिन्यात कंपनीने युनियनला मान्यता दिली. ही हकीकत आम्ही आमच्या कार्यकारिणीला वाचून दाखविली. खेळ कोणता हे कोणाला कळले नाही. मान्यता मिळाली एवढे कळले आणि टाळ्या पडल्या.

नव्या मालकाने २००० साली तिसरी आवृत्ती काढली आणि नियमांचा सांगाडा इतरांनाही वापरण्याची मोकळीक दिली. झाले! मूळ कंपनीच्या पुरवण्या होत्याच, आता गावोगावच्या प्रकाशकांच्याही आल्या. तीनच वर्षांनी, २००३ साली, मूळ पुस्तके सुधारून पुन्हा विकली गेली. २००७ साली पाळी अशी आली, की निरनिराळ्या पुस्तकांत विखुरलेले नियम एका जागी सापडावेत म्हणून एक नवे पुस्तक काढावे लागले. ते बाजारात आले त्यापूर्वीच चौथ्या आवृत्तीची घोषणा झालेली होती. २००८ साली ती आली आणि नियम सापडविण्याचे ते पुस्तक वर्षाच्या आत जुने झाले.

त्या तिसऱ्या आवृत्तीतील कुस्तीचे कलम पोरांनी आम्हांला दाखविले. प्रतिस्पर्ध्याला धरावयाचे असेल तर प्रथम त्याला तुमच्यावर एक फुकटचा वार करता येतो. तो वार लागून जखम झाली तर पकड फसली. नाही झाली तर तुम्ही हात लावण्यासाठी फासा टाकावयाचा. मग दोघांनी पकडीसाठी फासे टाकून ताडून पाहावयाचे. जमले तर पुढे सरकून त्याच्या जागेत शिरावयाचे. आणि मग कुस्तीला आरंभ! कोल्हापूरच्या लाल मातीतल्या कोणाही पठ्ठ्याने एवढ्या अवकाशात समोरच्याला आस्मान दाखवून फेटासुद्धा बांधून घेतला असता.

याच आवृत्तीवरून खेळणाऱ्यांत एक विनोद प्रसिद्ध आहे. नियमाप्रमाणे लढाईची एक फेरी सहा सेकंदांची, आणि हातातली वस्तू शेजाऱ्याला देण्याची तयारी प्रत्येकाला आधीच करून ठेवता येते. तेव्हा दोन-अडीच हजार शेतकरी एका रांगेत उभे करा. एक काठी पहिल्याकडून शेवटच्याकडे सहा सेकंदांत जाईल आणि तोफेच्या गोळ्यासारखी सुटेल. हिशेब नियमाला धरून आहे. इतके लोक एका रांगेत, एका मताने, सहा सेकंद हात हलवितील, असे मात्र आमच्या तीस वर्षांच्या संघटनाकार्यात एकदाही घडलेले नाही. पण विनोदाच्या आतला मुद्दा खरा आहे. रेल्वेचे कामगार संप न करता केवळ 'नियमाप्रमाणे काम' करू लागले की गाड्या रखडतात, हे आपण जाणतो. नियमपुस्तक अक्षरशः पाळले तर काम थांबते. ते रोज चालते ते माणसे नियमांच्या मधल्या मोकळ्या जागेत अक्कल वापरतात म्हणून. पुरवणी ही मोकळी जागा भरून काढते.

तर मग नियम जाळून टाकावेत काय? फेर्डीप्रमाणे सगळे पंचाच्या अकलेवर सोपवावे? अशा मताचे पुष्कळ लोक आज या खेळात आहेत. जॉन हार्पर या लेखकाचा २०१३ चा एक खेळ तर अवघा एका पानाचा आहे, आणि पोरे म्हणतात की संध्याकाळ त्यावर मजेत जाते. परंतु येथे आमचा पाय थोडा अडतो.

आमच्या तरुणपणी आम्ही ज्या कारखान्यात मागावर होतो, तेथे रजेचा नियम लिहिलेला नव्हता. मुकादम भला असेल तोवर सर्व ठीक चालले. आमची आई वारली तेव्हा आम्ही तोंडी सांगून गेलो आणि तेराव्यानंतर परत आलो, तो आमच्या मागावर दुसरा उभा. मुकादमाचेच शेजारच्या मागावरील गाववाल्याला मात्र लग्नसराईत पंधरा दिवस मिळाले होते. विचारले तर उत्तर, "ते वेगळं, हे वेगळं." ज्याने हे 'वेगळं' ऐकले आहे, त्याला नियमाची किंमत शिकवावी लागत नाही. वाईट पंचाच्या टेबलावरही हेच चालते. पंचाच्या मित्राचा बाण लागतो, नवख्याचा चुकतो. लिहिलेला नियम तेथे दुबळ्याच्या हातातली काठी आहे.

पण ही काठी त्याच्या हाताला लागली पाहिजे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात एक कलम होते, ते आम्हांला त्या साऱ्या कायद्यात सर्वांत शहाणपणाचे वाटत आले आहे. आदेश कारखान्याच्या दाराजवळ फलकावर लावावेत, आणि इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही लावावेत, असे ते सांगे. नियम किती, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येतात की नाही, हा पहिला. या खेळाच्या एका मुख्य पुस्तकाची छापील किंमत पन्नास डॉलरच्या आसपास, म्हणजे आजच्या भावाने चार हजार रुपयांच्या वर. ज्याच्या पिशवीत चार पुस्तके, त्याच्या पिशवीत कायदा. बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहावयाचे.

आमच्या कचेरीत असेच झाले होते, ते आम्हांला त्या भांडणाच्या दिवशी उमगले. त्या टेबलावर पूर्वी एक मुलगी येत असे. वहिफणीचे काम करणाऱ्या आमच्या एका सभासदाची ती मुलगी; कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. गोष्ट रचण्यात तिचा हात कोणी धरीत नसे. ती दोन महिने आली नव्हती. वाटेत भेटली तेव्हा विचारले, तर म्हणाली, "काका, मी काही बोलले की पुस्तक उघडतात. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

आम्ही पुढच्या रविवारी मंडळींना हे सांगितले. ज्याची पुस्तके होती तो पोरगा सायझिंगमध्ये कामाला आहे. तो कळवळून म्हणाला, "ओव्हरटाइमचे पैसे साठवून घेतली मी ही. आता ती मिटून ठेवू?" त्याचेही खोटे नव्हते. ज्याने घाम गाळून हक्क मिळविला, त्याला तो एका ठरावाने सोडून दे म्हणणे आम्हांला कधी जमलेले नाही. खुद्द कंपनीच्या संघटित खेळांत काही वर्षे असा नियम होता, की गड्याने मूळ पुस्तक आणि त्याखेरीज कोणतेही एकच पुस्तक वापरावे. तो आम्ही सुचविला. दोन तास वाटाघाटी चालल्या. मालकांच्या संघाबरोबरच्या काही बैठका याहून लवकर आटोपल्या आहेत. अखेर वर्गणीच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर मराठीत चार ओळी लिहिल्या गेल्या: मूळ पुस्तक सर्वांचे, प्रत्येकाला एक पुरवणी, तीतले जे पान वापरावयाचे त्याचा मराठी सारांश खेळापूर्वी भिंतीवर लावावयाचा, आणि खेळ चालू असता पंचाखेरीज कोणी पुस्तक उघडावयाचे नाही.

मुलगी तीन रविवार आली, मग दुकानात दिवाळीची गर्दी सुरू झाली आणि खाडे पडू लागले. आता परत येते आहे. पुस्तकांची पिशवी तो पोरगा अजून दर खेपेस आणतो आणि टेबलाखाली पायाशी ठेवतो. भिंतीवर सध्या अकरा कागद आहेत. त्यांतला एक त्या बरे करणाऱ्या मंत्राचा. दुरुस्ती धरली आहे, पण मर्यादेच्या आकड्यावर अजून दोन तट आहेत आणि तो आकडा पेन्सिलीने लिहिलेला आहे.